खिशात मावणारी, पान सरळ फाटणारी आणि शाई न फुटणारी वही कोठे मिळेल?

वारणाकाठ

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात पशुवैद्य म्हणून काम करतो. दिवसाचा बराचसा वेळ गोठ्यांतून जातो आणि प्रत्येक ठिकाणी दोन प्रकारचे लेखन करावे लागते. एक माझ्यापुरते टिपण, म्हणजे जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक, ताप, टोचलेले औषध आणि पुढच्या भेटीची तारीख. दुसरी मालकाच्या हाती द्यायची चिठ्ठी. पोटातून द्यायचे औषध किती, केव्हा आणि किती दिवस द्यायचे, आणि प्रतिजैविक दिले असेल तर कोणत्या तारखेपर्यंत दूध डेअरीला घालू नये, हे तिच्यात लिहिलेले असते. ही चिठ्ठी पुढे सून, गडी किंवा शाळेत जाणारे मूल वाचते, त्यामुळे ती सुवाच्य असलीच पाहिजे.

मोबाइलवर संदेश पाठवा, असे कोणी सुचवील म्हणून आधीच सांगतो, की हात धुतलेले नसताना मोबाइल बाहेर काढणे नको वाटते, आणि चिठ्ठी गोठ्यातल्या खिळ्याला अडकवली की ती घरातल्या सगळ्यांच्या नजरेस पडते.

अडचण वहीची आहे. मधोमध पिना मारलेल्या छोट्या वहीतले पुढचे पान फाडले, की मागच्या अर्ध्या भागातले त्याचे जोडपान काही दिवसांत सुटते. स्पायरलच्या वहीतून फाडलेल्या पानाला झिरमिळ्या राहतात आणि तारेचे टोक खिशाच्या शिवणीत अडकते. वरून नुसता गोंद लावलेले पॅड उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत राहिले, तर त्याची पाने आपोआप मोकळी होतात. शिवाय मी मध्यम निबचे शाईपेन वापरतो आणि यांपैकी बहुतेक कागदांवर शाई फुटते. ‘२.५ मिली’मधले टिंब फुटून शेजारच्या आकड्यात मिसळले, तर वाचणारा त्याचे काय करील, याची मला खरोखर काळजी वाटते.

पाने कोरी असोत, ओळींची असोत वा चौकटींची, माझा आग्रह नाही. वही सदऱ्याच्या खिशात पूर्ण जावी, वाकल्यावर बाहेर पडू नये आणि पान एका ओढीत सरळ फाटावे, एवढेच हवे. वापर रोजचा आणि भरपूर आहे, त्यामुळे परदेशी वही सुचवताना त्याचा विचार व्हावा.

टीपकागद

डॉक्टर, आपल्या प्रश्नात कागद आणि बांधणी असे दोन वेगळे विषय आहेत. बांधणीवर जाणकारांनी लिहावे. मी कागदापुरते लिहितो.

कागद किती जीएसएमचा आहे, एवढेच विचारून बहुतेक जण वही घेतात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. त्यावरून जाडीचा अंदाज येतो. शाई फुटेल की नाही, याचा येत नाही. ते ठरते कागदाला दिलेल्या सायझिंगवरून, म्हणजे लगद्यात मिसळलेल्या राळेसारख्या द्रव्यावरून आणि पृष्ठभागावर चढवलेल्या स्टार्चच्या थरावरून. जपानचा टोमोए रिव्हर हा कागद ५२ जीएसएमचा असूनही त्यावर रेघ कापल्यासारखी स्वच्छ उमटते, आणि त्याच्या दुप्पट वजनाचा एखादा कागद, सायझिंग कमी असेल, तर शाई पिऊन टाकतो. आपल्याकडच्या स्वस्त वह्यांत बहुधा क्रीमवोव्ह कागद असतो. त्यावर बॉलपेन उत्तम चालते, शाईपेनाची मात्र फारशी अपेक्षा ठेवू नये. मॅपलिथो त्याहून बरा, आणि पत्रव्यवहारासाठी विकला जाणारा बॉण्ड कागद बहुतेक वेळा त्याहून चांगला. बिल्ट आणि जेके या कागद कंपन्यांचे अनुक्रमे रॉयल एग्झिक्युटिव्ह बॉण्ड आणि एक्सेल बॉण्ड ही नावे शाईपेनवाल्यांच्या बोलण्यात वारंवार येतात, ती उगाच नव्हे. उसाच्या चिपाडापासून केलेला कागदही पुष्कळदा शाईला चांगला निघतो. आपण उसाच्या पट्ट्यातलेच असल्यामुळे हे मुद्दाम सांगतो.

तयार मिळणाऱ्या वह्यांत आपल्या वर्णनाला सर्वांत जवळची म्हणजे फ्रान्सच्या रोडियाचे ११ क्रमांकाचे पॅड. आकार ७.४ × १०.५ सेंमी, म्हणजे ए७. आत ८० जीएसएमची ८० पाने. पिना वरच्या कडेला आणि त्यांच्याखाली बारीक छिद्रांची रेघ. नारिंगी वेष्टन मागे पूर्ण दुमडते, त्यामुळे उभ्याने लिहिता येते. थोडे मोठे हवे असेल तर १२ क्रमांक ८.५ × १२ सेंमीचा आहे. रोडिया १९९७ मध्ये क्लेअरफोंतेनकडे गेली. ही मंडळी १८५८ पासून कागद करत आली आहेत आणि ते अनुभव घेतल्यावर पटते. मोलस्किनच्या व्होलान मालिकेतही सगळी पाने फाडता येतात. लॉइश्टटुर्मच्या नेहमीच्या वहीत मात्र शेवटची ८ पानेच फाडण्यासाठी असतात, त्यामुळे ती आपल्या कामाची नाही.

आता आपल्या कामात आडवी येणारी गोष्ट. ज्या कागदावर शाई फुटत नाही, त्यावर ती वाळायलाही वेळ लागतो, कारण ती आत न मुरता वरच थांबते. आपण चिठ्ठी लिहून लगेच फाडणार आणि समोरचा ती तिथेच घडी करून खिशात घालणार. म्हणजे उत्कृष्ट कागदावरच आकडे फासले जाण्याचा संभव अधिक. म्हणून अतिगुळगुळीत कागदाच्या मागे न लागता मधला, थोडासा खरखरीत बॉण्ड निवडावा, निब मध्यमऐवजी बारीक घ्यावे आणि वेष्टनाच्या आत टीपकागदाचा एक तुकडा ठेवावा. दुसरे असे, की नेहमीच्या निळ्या शाया पाण्याच्या थेंबाने विरघळतात. गोठ्यात लटकणाऱ्या चिठ्ठीसाठी लोहयुक्त निळी-काळी शाई बरी. पेलिकनची ४००१ ब्लू-ब्लॅक त्या जातीची आहे. अशी शाई पेनात महिनोन्महिने वाळू देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

सज्जा

मला यात वहीचा अट्टहासच कळला नाही. ३ × ५ इंचांची कोरी इंडेक्स कार्डे घ्यावीत, दहा-पंधरा एका काळ्या क्लिपमध्ये अडकवावीत आणि खिशात टाकावीत. फाडण्याचा प्रश्नच उरत नाही, जाड असल्यामुळे हातावर धरून लिहिता येते आणि खिळ्याला अडकवले तरी लवकर फाटत नाही. माझे सासरे विमा प्रतिनिधी होते. त्यांनी सारा व्यवसाय अशाच कार्डांवर केला.

खिळेजुळणी

आमचा लहान छापखाना आहे आणि बिलबुके, पावतीपुस्तके, डॉक्टरांची चिठ्ठीपॅड हे आमचे रोजचे काम. डॉक्टरसाहेब, आपण जी वही शोधत आहात ती आमच्या भाषेत न छापलेले लहान बिलबुक आहे, आणि ते दुकानात शोधण्यापेक्षा बाइंडरकडून करून घेणे सोपे पडेल. कसे ते सविस्तर लिहितो, कारण बाइंडरला नुसते ‘फाडता येणारी वही’ म्हटले, तर तो आपल्याला गोंदाचे पॅड करून देईल.

आधी जोडपान का सुटते ते पाहू. मधोमध पिना मारलेल्या वहीत सुटी पाने नसतातच. एक लांब कागद मधे दुमडलेला असतो आणि त्याचे एक अंग पुढे, दुसरे मागे येते. पुढचे अंग घडीवर फाडले, की मागचे पिनेच्या आधाराविना राहते. म्हणून अशा वहीत छिद्ररेषा घडीपासून काही मिलीमीटर आत घ्यावी लागते, म्हणजे फाडल्यावर एक पट्टी मागे राहते आणि तीच जोडपानाला धरून ठेवते. बिलबुकात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे प्रत्येक पान स्वतंत्र असते आणि सगळ्यांना मिळून वरच्या कडेला आरपार पिना मारलेल्या असतात. छिद्ररेषा पिनांच्या खाली येते. शेवटचे पान फाडेपर्यंत पुस्तक जागचे हलत नाही.

आता आकार आणि कागद. नेहमीच्या ए४ कागदाचे, म्हणजे २१० × २९७ मिमीचे, बरोबर आठ ए७ तुकडे होतात. ५०० कागदांच्या एका रिमातून ४००० पाने निघतात आणि ५० पानांचे एक याप्रमाणे ८० पॅड होतात. कडा साफ कापताना प्रत्येक बाजूने एक-दोन मिमी जाईल आणि वर पिनांसाठी १२ मिमीची पट्टी सोडावी लागेल, म्हणजे फाडल्यावर हाती येणारी चिठ्ठी साधारण ७२ × ९० मिमीची असेल. आपल्या मजकुराला ती पुरावी. ५० पानांची जाडी ५-६ मिमी होते. त्याखाली जाड पुठ्ठा द्यायला सांगा, नाहीतर हातावर धरून लिहिताना पॅड वाकते. त्याहून अधिक पाने घालू नका. खिसा लोंबतो आणि वाकल्यावर पॅड पुढे सरकते, हीच आपली तक्रार आहे.

ए७ आकार सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. कागदाला धार असते, म्हणजे यंत्रावर तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने बसतात. कागद त्या दिशेने फाडला तर सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. कोणतेही वर्तमानपत्र उभे आणि आडवे फाडून पाहिले की हे लगेच दिसते. दुकानात मिळणाऱ्या ए४ कागदाची धार बहुधा लांबीच्या दिशेने असते. त्याचे आठ तुकडे केले, की ही धार ए७च्या रुंदीला समांतर येते, म्हणजे वरच्या कडेला आपण ज्या दिशेने फाडणार त्याच दिशेने. पानही वरून अलगद उलटते. त्याच कागदाचे चार तुकडे करून ए६ पॅड केले, तर धार उभी होते आणि वरून फाडताना पान छिद्ररेषा सोडून खाली उतरायला बघते. ए६च हवे असेल तर बांधणी डाव्या बाजूला घ्यावी. कागदाची धार कळत नसेल तर एक तुकडा एका बाजूने ओल्या बोटाने पुसावा. तो ज्या दिशेने नळीसारखा वळतो, त्या नळीची लांबी म्हणजे धारेची दिशा.

छिद्ररेषेबद्दलही स्पष्ट सांगावे लागेल. जुन्या यंत्रावर सुयांनी गोल भोके पडतात. टिकाऊ काम, पण फाडलेली कड दातेरी येते. ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या जुन्या छपाई यंत्रावर, पोलादी पट्टी लावून तुटक रेघ मारतात. ती मधल्या दर्जाची. आपल्याला चाकाच्या यंत्रावरचे मायक्रो परफोरेशन हवे आहे, त्यात छेद इतके जवळ असतात की फाडलेली कड कापल्यासारखी दिसते. एक सावधगिरी अशी, की छेद फार खोल झाले तर पान खिशातल्या खिशात सुटते. पॅड उलटे धरून एक पान हातात पकडावे आणि हलकेच हलवावे. पॅड त्या पानाला लटकून राहिले, तर काम चांगले झाले.

श्री. टीपकागद यांनी सुचवलेला बॉण्ड योग्यच आहे. ८५ किंवा ९० जीएसएम घ्या. रीम आपण स्वतः विकत घेऊन बाइंडरकडे द्यावे, हे उत्तम; म्हणजे कागद कोणता लागला याचा वाद राहत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागदाचे व्यापारी आहेत, पण आपल्याला तिकडे जाण्याचे कारण नाही. सांगली-मिरजेत बिलबुके करणारे बाइंडर आहेतच. मार्च महिन्यात मात्र जाऊ नका. त्या काळात आम्हा सगळ्यांकडे व्यापाऱ्यांची नव्या वर्षाची बिलबुके चाललेली असतात आणि ८० पॅडांच्या कामाकडे कोणी लक्ष देत नाही.

श्री. सज्जा यांच्या कार्डांबद्दल: कार्ड चांगले, पण क्लिप निघाली की क्रम गेला, आणि शेणाच्या जमिनीवर पडलेली पंधरा कार्डे उचलण्याचा प्रसंग डॉक्टरांवर येऊ नये.

दोतोंबोरी

मी ओसाकाला राहतो, म्हणून स्पायरलच्या बाजूने दोन शब्द लिहितो. झिरमिळ्या राहणे हा तारेचा दोष नव्हे. तारेच्या खाली छिद्ररेषा नसण्याचा आहे. जपानच्या मारुमान कंपनीच्या नेमोसिने मालिकेत दुहेरी तारेची बांधणी आहे आणि तारेच्या आतल्या बाजूला बारीक छिद्ररेषा आहे, त्यामुळे पान चारही कडांनी सरळ निघते. कागद ८० जीएसएमचा आहे आणि शाईपेनाला उत्तम. पान पूर्ण मागे उलटते हा फायदा आहेच. सदऱ्याच्या खिशात तारेचा फुगवटा जाणवतो, हे मात्र मान्य करावे लागेल; मी माझी बॅगेत ठेवतो.

वारणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागदाला धार असते हे मला माहीत नव्हते. घरातल्या ए४ कागदावर ओले बोट फिरवून पाहिले आणि तो खरोखरच लांबीच्या दिशेने नळी होऊन वळला.

एक पुरवणी प्रश्न आहे. चिठ्ठी मालकाकडे गेल्यावर माझ्याकडे तिची प्रत राहत नाही. सध्या तोच मजकूर मी दुसऱ्या पानावर पुन्हा लिहितो आणि घाईत तो अर्धवट राहतो. पावतीपुस्तकात जशी स्थळप्रत निघते, तशी या पॅडमध्ये कार्बनलेस कागद घालून मिळेल का? आणि ती शाईपेनाने उमटेल का?

खिळेजुळणी

मिळेल, पण शाईपेनाने उमटणार नाही. कार्बनलेस कागदात वरच्या पानाच्या पाठीवर रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि खालच्या पानाच्या तोंडावर त्या रंगाला जागे करणारा लेप असतो. दाबाने कुप्या फुटल्या, की खाली अक्षर उमटते. शाईपेन नीट चालत असेल, तर ते कागदाला जवळजवळ दाबतच नाही. दाबून चालवाल तर निब जाईल. येथे बॉलपेनच लागते.

असे पॅड करायचे झाल्यास वरचे पान पांढरे आणि खालचे पिवळे घ्यावे, छिद्ररेषा फक्त पांढऱ्या पानाला मारावी आणि पिवळे पुस्तकातच राहू द्यावे. दोन्ही पानांवर एकच अनुक्रमांक घालून घ्या. पाच-सहा महिन्यांनी एखाद्या जनावराचा शोध घेताना त्याचा उपयोग होईल. ५० जोड्यांपेक्षा २५ जोड्यांचे पॅड करावे, जाडी तेवढीच राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटच्या पुठ्ठ्याला एक झडप जोडून घ्यावी, जी लिहिताना चालू जोडीच्या खाली सरकवता येते. ती नसेल तर एका चिठ्ठीचा मजकूर खालच्या तीन-चार जोड्यांवर उमटतो, आणि २.५ मिलीचा प्रश्न आपल्याला टिंबाच्या ऐवजी दुसऱ्याच जनावराच्या मात्रेच्या रूपाने भेटेल. खिशात ठेवतानाही झडप वर घ्यावी, कारण किल्लीच्या दाबानेसुद्धा डाग उमटतात.

टीपकागद

यात माझी भर एवढीच, की कार्बनलेसची प्रत उजेडात आणि उन्हात हळूहळू फिकट होते. चिठ्ठी म्हणून बाहेर जाणारे पान वरचे, म्हणजे बॉलपेनच्या शाईचे असल्यामुळे त्याची चिंता नाही, पण आपल्याकडे राहणारी पिवळी पाने डिकीत न ठेवता घरी कपाटात ठेवावीत. आणि बॉलपेन आले, की शाई फुटण्याचा मुद्दा संपतो. मग महाग बॉण्डचीही गरज उरत नाही. माझ्यासारख्याला हे लिहिताना वाईट वाटते, पण औषधाच्या मात्रेसाठी बॉलपेन हेच योग्य साधन आहे असे मला वाटते. शाईपेन घरच्या नोंदवहीसाठी ठेवावे.

वारणाकाठ

शाईपेन पूर्ण सोडणे जड जाईल, म्हणून दोन्ही प्रकार करून घ्यावेत असा विचार आहे: माझ्या टिपणांसाठी ९० जीएसएम बॉण्डचे ए७ पॅड, वर पिना आणि मायक्रो परफोरेशन, आणि चिठ्ठ्यांसाठी त्याच आकाराचे २५ जोड्यांचे कार्बनलेस पॅड, अनुक्रमांक आणि झडप यांसह. वेष्टन कसले घ्यावे, हे राहिले. साधे वेष्टन घामाने मऊ पडते.

खिळेजुळणी

वेष्टनाला २५०-३०० जीएसएमचे आर्ट कार्ड घ्या आणि बाहेरून मॅट लॅमिनेशन करून घ्या; चकचकीत लॅमिनेशन ओल्या हातातून निसटते. वेष्टन पिनांवरून मागे नेऊन पाठीच्या पुठ्ठ्याला चिकटवायला सांगा, म्हणजे पिनांची टोके झाकली जातात आणि खिसा फाटत नाही. घडीच्या जागी क्रीझिंग केलेले, म्हणजे दाबून खाच पाडलेली, असले पाहिजे, नाहीतर लॅमिनेशनला तडे जातात. दोन्ही पॅडांची वेष्टने वेगळ्या रंगांची ठेवा. सगळे काम एकदम सांगण्याआधी प्रत्येकी एक नमुना करून घ्या आणि आठवडाभर खिशात वागवा. कागद कापून झाल्यावर आकार बदलता येत नाही, पण छिद्ररेषेची खोली पुढच्या पॅडांना बदलून मिळते.

सज्जा

नमुना हातात आला की छायाचित्र येथे अवश्य टाकावे. कार्डांचा पक्ष मी सोडलेला नाही, पण झडपेची कल्पना मला माझ्या पावतीपुस्तकासाठी हवी आहे. तयार पावतीपुस्तकाला ती नंतर जोडून मिळते का?

खिळेजुळणी

जोडण्याची गरज नाही. पुस्तकापेक्षा बोटभर लांब असा जाड पुठ्ठ्याचा सुटा तुकडा कापून घ्या आणि तो चालू जोडीच्या खाली सरकवत जा.